आमचा कापश्या : पामेरियन नव्हे, स्पिट्झ!



गेल्या महिन्यात आमच्या विंगमध्ये रात्री अकरा वाजता एक तातडीची मीटिंग भरली. (वॉर्डन सरांनी हा परिच्छेद वगळून पुढे वाचावे ही नम्र विनंती!) विषय एकच – चौघांनी काँट्रिब्युशन काढून एक 'टॉय पॉम' घ्यायचं. विक्रेत्याने मोबाइलवर फोटो पाठवला होता. चहाच्या कपात बसलेला पांढरा गोळा, दोन काळे डोळे आणि एक काळं नाक. एम-थ्रीचा बॅक लागला तेव्हाही ज्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती, असा आमचा एक मित्र तो फोटो पाहून "माय वं!" म्हणाला.

माझ्या घरी तसंच कुत्रं आहे हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून मला 'एक्सपर्ट' म्हणून झोपेतून उठवून आणलं. मी दीड तास बोललो. शेवटी एक जण वैतागून म्हणाला, "हे सारं मॅगझिनले देऊन टाक ना बे, इथं काहून आमचं डोकं खाऊन राह्यला?" मराठी विभागाला पानं कमी पडतच होती. म्हणून हा लेखप्रपंच.

आमचं गाव कौंडण्यपूर. अमरावतीहून कुऱ्हामार्गे आर्वीकडे जाताना वर्धा नदीच्या काठावर लागतं ते. रुक्मिणीचं माहेर म्हणून नाव तुम्ही ऐकलेलं असतंच, आणि कार्तिकातल्या यात्रेला निम्मं हॉस्टेल येऊनही गेलेलं असतं. गावात कुत्री पूर्वीपासून भरपूर, पण ती कुणा एकाची नव्हती. सकाळी एकाच्या ओट्यावर, दुपारी दुसऱ्याच्या गोठ्यात, रात्री मंदिराच्या पायऱ्यांवर. आजी शेवटची भाकर त्यांच्यासाठी थापते आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेव महाराजांची गोष्ट सांगते. कुत्रं पैसे मोजून विकत आणतात ही गोष्ट मात्र तिला अजूनही पटलेली नाही.

२०१६ च्या दिवाळीत मामा अमरावतीहून बुटाचा खोका घेऊन आला. खोक्याला पेनने पाडलेली भोकं. आत हे. तीन हजार रुपये, 'ओरिजनल पामेरियन, तीस दिवसांचं'. आजीने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "हे त फुटलेल्या बोंडावानी दिसते!" मी शाळेत टफी नाव सांगून ठेवलं होतं, पण ज्या गावात घरोघरी कापसाचे गंज लागतात तिथे टफीचं काय चालणार? तो कापश्याच झाला.

आता मुद्द्यावर येतो. कापश्या पामेरियन नाही. चार-पाच वर्षं आम्ही सगळ्या गावाला तो पामेरियन आहे असं सांगत होतो, आणि एके दिवशी एका पशुवैद्यक डॉक्टरांनी टेबलावर त्याचं थोबाड दोन बोटांत धरून सांगितलं, "हा इंडियन स्पिट्झ." वऱ्हाडातच काय, अख्ख्या महाराष्ट्रात ज्याला आपण 'पॉम', 'पामेलियन', 'पाम्या' म्हणतो त्यातले बहुतेक स्पिट्झच असतात. खरा पामेरियन आकाराने फारच लहान, दीड ते तीन किलोचा. तोंड आखूड, कान बारीक, केस एवढे ताठ उभे की कुत्रं गोल दिसतं, आणि रंग बहुधा नारिंगी. आपला स्पिट्झ पाच ते सात किलोचा. त्याचाच मोठा भाऊबंद बारा किलोच्या पुढे, पार वीसपर्यंत जातो. तोंड कोल्ह्यासारखं निमुळतं, कान मोठे, रंग दुधासारखा. कापश्याचं वजन साडेसहा किलो. आमच्या घरच्या, कापूस मोजायच्या काट्यावर केलेलं आहे, तेव्हा शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे.

स्पिट्झ या जर्मन शब्दाचा अर्थ टोकदार. थोबाड टोकदार, कान टोकदार, म्हणून नाव स्पिट्झ. पामेरियन हे नाव पोमेरानिया या प्रांतावरून आलं. बाल्टिक समुद्राच्या काठचा हा प्रदेश आज पोलंड आणि जर्मनीत विभागलेला आहे. तिथली मूळची कुत्री चांगली मोठी होती. १७६७ मध्ये इंग्लंडच्या राणी शार्लटने त्यातली दोन मागवली, आणि मग शंभर-सव्वाशे वर्षांनी तिची नात व्हिक्टोरिया राणी १८८८ मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला गेली असताना एका छोट्या पामेरियनच्या प्रेमात पडली. त्याचं नाव मार्को. राणीने लहान कुत्रं पाळलं म्हटल्यावर सगळ्या इंग्लंडला लहान कुत्रं हवं झालं. लहानातलं लहान निवडायचं, त्याची पुढची पिढी काढायची, त्यातलं पुन्हा लहान निवडायचं – असं करत काही दशकांत कुत्रं निम्म्याहून कमी झालं. गंमत म्हणजे त्या मार्कोचं वजन साडेपाच किलोच्या आसपास होतं. म्हणजे आजच्या कपातल्या पॉमपेक्षा आमचा कापश्याच राणीच्या कुत्र्याच्या जास्त जवळचा! (हे आजीला सांगितलं तर म्हणाली, "मंग रानीले सांग, याले घेऊन जाय.")

लहान असण्याचा एक फायदाही सांगून टाकतो. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावरची तीन कुत्री वाचली. दोन पामेरियन आणि एक पेकिनीज. मोठ्या कुत्र्यांना लाइफबोटीत जागा नव्हती. ही तिन्ही मांडीवर मावणारी होती म्हणून निघाली.

भारतात ही स्पिट्झ जातीची कुत्री इंग्रज साहेबांबरोबर आली. साहेब गेले, कुत्री राहिली. त्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या इथल्याच उन्हात, इथल्याच भातावर वाढल्या. परदेशातून कुत्रं आणणं जेव्हा फार कटकटीचं होतं त्या १९८०-९० च्या काळात शहरातल्या मध्यमवर्गाला फ्लॅटमध्ये मावणारं कुत्रं म्हणून हाच मिळाला. आणि ऑगस्ट १९९४ मध्ये आला 'हम आपके हैं कौन'. क्रिकेटच्या सामन्यात अंपायरगिरी करणारा आणि चिठ्ठी बरोब्बर योग्य माणसापर्यंत पोचवणारा टफी आठवतो ना? तो इंडियन स्पिट्झ. आपल्या आई-बाबांच्या पिढीने हा पिक्चर किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही, आणि त्यानंतर गल्लीगल्लीत किती टफी झाले त्याचाही नाही.

आता कुणी म्हणेल, नावात काय आहे? पामेरियन म्हणा नाहीतर स्पिट्झ म्हणा, भुंकतं तर सारखंच. पण विकत घेणाऱ्याच्या खिशाच्या दृष्टीने नावात बरंच काही आहे. स्पिट्झचं पिल्लू दाखवून 'टॉय पॉम' म्हणून दसपट भाव सांगतात. महिन्याभराचं असताना दोन्ही कापसाच्या बोळ्यासारखीच दिसतात, फरक कळतो सहा महिन्यांनी. 'टी-कप' नावाची तर कुठली जातच नाही. कपात बसतं ते एकतर फारच कोवळं असतं, नाहीतर उपाशी ठेवलेलं किंवा आजारी असतं. २०१७ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. तीस दिवसांचा कापश्या म्हणजे चार आठवड्यांचा. आईपासून आणि भावंडांपासून इतक्या लवकर तोडलेल्या पिल्लाला चावा किती जोरात घ्यायचा हेसुद्धा समजलेलं नसतं, कारण ते भावंडांशी खेळतानाच समजतं. पहिलं वर्षभर माझी बोटं, आईच्या साडीचे पदर आणि बाबांच्या चपला यांनी त्याची किंमत मोजली. म्हणून विक्रेत्याला एकच गोष्ट विचारायची : पिल्लाची आई दाखव. आई पाहिली की पिल्लू केवढं होणार तेही कळतं, आणि माणूस कसा आहे तेही. आमच्या मामाने हे विचारलं नाही. त्या विक्रेत्याचं दुकान पुढच्या दिवाळीपर्यंत उठलं होतं.

खाण्याबद्दल थोडक्यात. आम्ही पहिले दोन महिने त्याला गाईचं दूध आणि ग्लुकोजची बिस्किटं दिली, आणि दोन महिने अंगण धूत बसलो. पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही. बिस्किटात मैदा आणि साखर, दुसरं काय? आता त्याला भात किंवा पोळी, त्यात उकडलेलं अंडं किंवा कोंबडीचं मांस, थोडं ताक, कधी भोपळा असं मिळतं. मीठ-तिखट नाही. मात्र एक गोष्ट मेसच्या मंडळींनी नीट वाचावी. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी आहेत, शिजवलेलेसुद्धा. त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या वऱ्हाडी रश्श्यात कांदा-लसणाशिवाय असतं काय! तेव्हा रविवारच्या रश्श्यात बुडवलेली पोळी प्रेमाने कुत्र्यापुढे टाकू नका, मेसमागच्या काळूलासुद्धा नको. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं हीसुद्धा त्याच यादीत. शिजवलेलं हाड सुरीसारखं चिरतं आणि आतड्यात रुततं.

केसांचा विषय मोठा आहे, आणि हा लेख लिहायचं खरं कारणही तेच आहे.

स्पिट्झला केसांचे दोन थर असतात. वरचा लांब, राठ. खालचा आखूड, दाट, लोकरीसारखा मऊ. खालच्या थरात हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा म्हणजे उत्तम इन्सुलेशन हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको. आपण असं धरून चालतो की इन्सुलेशन म्हणजे उबदार, म्हणजे थंडीसाठी. पण स्टीमच्या पाइपवर लॅगिंग असतं तसंच बर्फाच्या पेटीतही असतंच की! उष्णता कुठल्याही दिशेने जात असो, ते तिला अडवतं. कुत्र्याच्या शरीराचं तापमान साधारण साडेअडतीस अंश सेल्सिअस. अकोला-अमरावतीचं मे महिन्यातलं दुपारचं तापमान पंचेचाळीस. म्हणजे मे महिन्यात उष्णता कुत्र्यातून बाहेर जात नाही, बाहेरून कुत्र्यात शिरते. अशा वेळी तो पांढरा झुबकेदार कोट त्याची छत्री असतो. अर्थात छत्रीलाही मर्यादा आहे. कुत्रं पळालं की आतली उष्णता वाढते, आणि तीही आतच अडकते. म्हणून उन्हाळ्यात फिरायला न्यायचं ते सूर्य उगवायच्या आधी. संध्याकाळी सातलासुद्धा डांबरी रस्ता तापलेलाच असतो. आपला तळहात पाच सेकंद रस्त्यावर टेकवता आला नाही तर त्याचे पायही टेकू नयेत. (थर्ड इयरच्या ज्या विद्वानाने क्रिटिकल रेडियसचा मुद्दा काढून माझ्याशी वाद घातला त्याच्यासाठी : केसांची कंडक्टिव्हिटी ०.०४ आणि एच दहा धरला तर क्रिटिकल रेडियस चार मिलिमीटर येतो. कापश्या त्यापेक्षा जाड आहे.)

हे सगळं मला आज माहीत आहे. २०१८ च्या मे महिन्यात मी सातवीतून आठवीत चाललो होतो आणि मला एवढंच दिसत होतं की कापश्या दिवसभर जीभ काढून धापा टाकतोय. एवढे केस, एवढं ऊन! मला त्याची दया आली. आमच्या न्हाव्याकडे मशीन होतं. मी आणि माझ्या चुलतभावाने मिळून त्याला धरलं, आणि वीस मिनिटांत बोंडातला कापूस वेचला गेला. उरला तो गुलाबी कातडीचा, उंदरासारखा दिसणारा प्राणी. आजी ओसरीवरून ओरडली, "लेका, मेंढीचे केस भादरतेत, कुत्र्याचे नाही!" मी हसलो. आठ दिवसांत त्याच्या पाठीवर उन्हाने लाल चट्टे उठले आणि तो आणखीच धापा टाकू लागला.

पुढचा प्रसंग सांगताना अजून जिवावर येतं. जूनमध्ये आमच्या गावाहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला निघते. विदर्भातल्या सर्वांत जुन्या पालख्यांपैकी ही एक. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते, आणि आमच्या घरी तर तीस-चाळीस माणसं जेवायला. कापश्या पाहुण्यांवर भुंकतो, कुणाच्या पायात येईल म्हणून मी त्याला मागच्या खोलीत ठेवलं. कूलरमध्ये पाणी भरलं, कूलर फुल्ल केला, आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार-खिडकी घट्ट लावून घेतली. आपण काय छान सोय केली, असं वाटून मी पालखीपुढे नाचायला गेलो.

इथे थोडी थिअरी लागेल. कूलर हवेला गार करतो तो पाण्याची वाफ करून. हवा कोरडी असेल तरच वाफ होते. मे महिन्यात आपल्याकडे हवा चव्वेचाळीस अंश आणि आर्द्रता बारा टक्के असली तर सायक्रोमेट्रिक चार्टवर वेट बल्ब बावीसच्या आसपास येतो. म्हणून तर वऱ्हाडात मे महिना कूलरवर निघतो. पण जूनमध्ये ढग आले, हवा छत्तीस आणि आर्द्रता साठ टक्के झाली की वेट बल्ब एकोणतीसवर जातो. तापमान आठ अंशांनी उतरलं आणि कूलर मात्र निकामी! हा अनुभव आपल्या प्रत्येक रूमने घेतलेला आहे. त्यातही खोली बंद असेल तर कूलर तीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओढतो आणि आणखी दमट करतो. म्हणूनच कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवायची असते.

कुत्रं म्हणजेही एक कूलरच आहे. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, घामाच्या ग्रंथी फक्त पंजांच्या तळव्यांना. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो तेव्हा जिभेवरच्या आणि नाकातोंडातल्या ओलाव्याची वाफ होते आणि तेवढी उष्णता बाहेर जाते. एरवी मिनिटाला वीस-पंचवीस श्वास घेणारं कुत्रं धापा टाकताना दोनशे-तीनशेवर जातं. म्हणजे धापा टाकणं हे त्रासाचं लक्षण नंतर, आधी तो त्याचा पंखा आहे. पण हवाच दमट असेल तर वाफ होत नाही. पंखा फिरतो, टाकीतलं पाणी संपतं, गारवा मात्र येत नाही, आणि धापा टाकणाऱ्या स्नायूंनी अंगातली उष्णता उलट वाढते. थोडक्यात, मी एका कूलरला दुसऱ्या कूलरबरोबर बंद खोलीत कोंडलं होतं. तेही छत्री काढून घेतल्यावर.

दीड तासाने आई काहीतरी घ्यायला त्या खोलीत गेली. कापश्या कुशीवर पडलेला, जीभ जांभळट लाल, लाळ गळतेय, डोळे उघडे पण ओळख नाही. मी धावत आलो, टॉवेल ओला करून त्याला त्यात नखशिखांत गुंडाळलं. आजीने मला बाजूला ढकललं आणि टॉवेल ओढून काढला. "ऊन लागलेल्या बैलाले आपन कपड्यात गुंडाळतो का? याले वारा पायजे!" तिने त्याला अंगणातल्या लिंबाखाली जमिनीवर टाकलं, रांजणातलं पाणी तांब्याने पोटावर, मांड्यांच्या आत, पंजांवर ओतत राहिली आणि दुसऱ्या हाताने पंखा हलवत राहिली. बाबांनी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते तासाभराने आले तेव्हाही ताप १०४ होता. सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. म्हणाले, आधी पाणी ओतलंत म्हणून माझ्या हाती काहीतरी लागलं.

दर वर्षी पालखीला गावाच्या शिवेपर्यंत वाटे लावणारी आजी त्या वर्षी गेली नाही. तिने लिंबाखालूनच हात जोडले. मला ती त्याबद्दल एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आजीने केलं ते शास्त्राप्रमाणे तंतोतंत बरोबर होतं, हे मी नंतर वाचलं. ऊन लागलेल्या कुत्र्याला आधी गार करायचं आणि मग दवाखान्यात न्यायचं, उलट नाही. नळाचं, माठाचं, जे हाताशी असेल ते पाणी अंगावर ओतायचं आणि वारा घालायचा. ओला टॉवेल अंगावर पांघरला तर पाच मिनिटांत तोच गरम होतो आणि वाफेला वाट राहत नाही. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवायचं, तोंड उघडून घशात ओतायचं नाही. ताप १०५-१०६ फॅरनहाइटच्या पुढे गेला की मूत्रपिंडं, यकृत, मेंदू, सगळ्यांवर परिणाम होतो. वरून बरा दिसला तरी डॉक्टरांना दाखवायचंच. आणि घर, खोली, गाडी काहीही असो, बंद ठेवून जायचं नाही.

कापश्या वाचला. केस आले, पण कमरेवर हातभर जागेत ते पुन्हा पूर्वीसारखे कधीच आले नाहीत. स्पिट्झ-पामेरियनमध्ये असं होतं. मुळापर्यंत कातरले तर काही वेळा ते वर्षानुवर्षं येत नाहीत, आले तर विरळ येतात. त्या जागेवर हात गेला की मला अजून ते मशीन ऐकू येतं. त्याऐवजी करायचं काय? रोज विंचरायचं. कुत्र्याचा ब्रश दीड-दोनशे रुपयांना मिळतो, त्याने मुळापासून विंचरून खालच्या थरातले मेलेले केस काढले की हवा खेळती राहते. वर्षातून दोनदा हे केस भसाभस गळतात. तेव्हा डाळीत, दुधात, आजीच्या पोथीत, सगळीकडे कापश्या. आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा, कुत्र्याच्या शाम्पूने, आणि नंतर आतपर्यंत कोरडं करायचं. नाहीतर पावसाळ्यात कातडीला बुरशी धरते. विंचरतानाच गोचीड सापडते ती काढायची. गोचिडीचा ताप हा आपल्या भागात कुत्र्यांचा मोठा शत्रू आहे. खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, ताप आला की थांबायचं नाही.

लशींबद्दल बोलायलाच हवं. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वो आणि डिस्टेंपरची लस, दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, साधारण चार महिन्यांचा होईपर्यंत. पार्वो म्हणजे रक्ताची हगवण. पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस आणि पुढे दर वर्षी. पाळलेलं, देखणं, शाम्पूने धुतलेलं कुत्रं आहे म्हणून रेबीज होणार नाही असं नसतं. कुठलंही कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. पाश्चरने १८८५ मध्ये पहिल्या मुलाला ही लस टोचून वाचवलं. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र आजही डॉक्टरांच्या हाती जवळजवळ काही राहत नाही. यावर हॉस्टेलमध्ये चेष्टा चालते ती बंद व्हावी असं मला मनापासून वाटतं.

बारीकसारीक आणखी दोन गोष्टी. या लहान जातींची श्वासनळी नाजूक असते. गळ्यातल्या पट्ट्याला हिसके बसले की हंसासारखा कोरडा खोकला लागतो. म्हणून छातीभोवतीचा पट्टा वापरावा. आणि दात! बेचाळीस दात एवढ्याशा तोंडात दाटीवाटीने बसलेले, त्यामुळे किटण लवकर साचतं. कापश्याचे सहा दात गेले. लहानपणापासून दात घासायची सवय लावली असती तर वाचले असते, पण आमच्या घरी तेव्हा मीच दात घासत नव्हतो.

आता आमच्या विंगच्या मीटिंगकडे. स्पिट्झ भुंकतो, फार भुंकतो. पूर्वी त्याला राखणीसाठीच ठेवत. जिन्यावर पाऊल वाजलं की त्याला सगळ्यांना कळवायचं असतं. तीन मजल्यांच्या हॉस्टेलमध्ये रात्रभर पावलं वाजतात. दुसरं म्हणजे त्याला एकटं राहता येत नाही. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच कॉलेज, मग क्लास, मग सबमिशन. दिवाळीची सुट्टी, पीएल, उन्हाळा. चौघांचं कुत्रं म्हणजे कुणाचंच नाही. आणि तो बारा ते पंधरा वर्षं जगतो. डिग्री चार वर्षांची. (काहींची पाच-सहा, पण बारा कुणाचीच नाही.) पुढची आठ वर्षं त्याला पुण्याच्या पीजीत कोण ठेवणार? बसस्टँडवर किंवा हायवेवर केस गुंतलेला, आंधळा झालेला पांढरा कुत्रा तुम्ही पाहिला असेल. गावठी कुत्र्याला रस्त्यावर जगता येतं. याला येत नाही. तो सोडून दिलेला असतो.

मी एवढं सगळं सांगितल्यावर त्या चौघांनी विक्रेत्याला मेसेज केला : पिल्लाची आई दाखवा. त्याचं उत्तर आलं, आई बाहेरगावी असते. चौघांतले तिघे तिथेच थांबले. चौथा परतवाड्याचा. त्याच्या शेजारच्या कुटुंबाची बदली झाली आहे आणि त्यांचा सहा वर्षांचा स्पिट्झ त्यांना नेता येत नाही. तो त्याच्या आईने ठेवून घेतला. लसी झालेल्या, भुंकून भुंकून स्वभाव माहीत झालेला, आणि फुकट! आमच्या आजीला हा व्यवहार एकदम पसंत पडला.

कापश्या आता नऊ वर्षांचा आहे. उन्हाळ्यात त्याने स्वतःच स्वतःची सोय लावून घेतली आहे. अंगणातल्या रांजणाखाली पाणी झिरपून माती ओली राहते, ती उकरून तो पोट टेकून पडतो. पोटावर केस कमी, म्हणजे तिथून उष्णता जमिनीत जाते. हीट सिंक! त्याला कुणी शिकवलं नाही. कूलर असलेली खोली उघडी असते, खिडकीही उघडी असते, पण त्या दारातून तो कधी आत जात नाही. गेल्या रविवारी मी घरी गेलो तेव्हा तो उठला नाही, नुसती शेपटी दोनदा चिखलात आपटली. आजी म्हणाली, "हात नको लावू त्याले, आत्ता डोया लागला."